मागच्या गल्लीची हवा

भुंगा झोपला की त्या घरात वारासुद्धा चपला काढून आत यायचा. गळक्या नळाखाली फडकं ठेवलेलं असायचं, थेंब वाजायला नको म्हणून. दाराच्या कडीला जुना मोजा बांधलेला होता. भिंतीवरच्या घड्याळातला सेल सूनबाईने केव्हाच काढून ठेवला होता, कारण ते घड्याळ टिकटिक करत नसे, खाकरत असे. किती वाजले हे त्या घरात कुणी विचारायचं नाही. भुंगा झोपलाय की जागा आहे, एवढीच काय ती वेळ.

भुंगा म्हणजे घरातला धाकटा. तो अजून स्वतःच्या पायावर उभा राहत नव्हता, पण सगळ्या घराला एका पायावर उभं ठेवत होता. झोप आली की ओठ मिटून एका सुरात गुणगुणायचा, म्हणून आजीने ठेवलेलं हे नाव. तो दुपारी झोपायचा आणि तेवढ्या वेळात सूनबाई एकच गोष्ट करायची. चहा प्यायची. गरम. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण भुंगा झाल्यापासून दिवसभरात तिने केलेला प्रत्येक चहा कुठे ना कुठे विसरून, साय धरून, गार होऊन तिच्या पोटात गेला होता. दुपारचा तो एक कप मात्र तिचा होता. खिडकीत बसून, पाय वर घेऊन, कुणाची आई नाही, कुणाची सून नाही, अशी ती तो प्यायची. उरलेला दिवस ज्याला हवा त्याने न्यावा, तिची तक्रार नव्हती.

खिडकी मागच्या गल्लीच्या तोंडाशी होती. समोर शाळेची मागची भिंत, आत पुढे गेलं की शाळेचं मागचं फाटक, कायम कुलूप लागलेलं. गल्लीत येऊन जाऊन एक मांजर यायचं आणि तेही पाहुण्यासारखं, बसून निघून जायचं.

हे सगळं बिघडलं ते हवेमुळे. म्हणजे हवा बिघडली म्हणून नाही. हवा सुधारायची ठरली म्हणून.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या कानावर आलं की जी शाळा सगळ्यांत कमी कार्बन हवेत सोडेल तिला एक ढाल मिळणार आहे. मोठ्या बाई आयुष्यात कधी बक्षीस सोडून परत आल्याचा इतिहास नव्हता. त्यांच्या खोलीतल्या कपाटात ढाली इतक्या झाल्या होत्या की कपाट उघडलं की लढाई सुरू झाल्यासारखा आवाज यायचा. त्यांनी त्याच दिवशी कंबर कसली.

घरी याचा पहिला झटका बसला तो थोरलीकडून. सूनबाईची थोरली दुसरीत होती आणि तिला छातीवर हिरवा बिल्ला मिळाला होता, 'हवा-रक्षक'. त्या दिवसापासून ती घरात मुलगी म्हणून न वावरता तपासनीस म्हणून वावरायला लागली. बाबा न्हाणीघरात असताना दिवा बंद. आजी वाचत असताना पंखा बंद. एका संध्याकाळी सगळं दूध नासलेलं निघालं, तेव्हा कळलं की फ्रिज सकाळपासून बंद आहे.

"उभा राहून घुरघुरत होता," थोरली म्हणाली. "उभ्या यंत्राने घुरघुरायचं नाही. चालायचं असेल तर चालायचं, नाहीतर इंजिन बंद. मोठ्या बाईंनी सांगितलंय."

"अगं, फ्रिज कुठे चालत जाणार?"

"मग बंद," थोरली म्हणाली. बाबाने कपाळाला हात लावून सुस्कारा टाकला, तर ती त्याच्याकडेही वळली. सुस्काऱ्यातही कार्बन असतो, तेव्हा त्याने जरा बेताने टाकावा, असं तिने त्याला समजावून सांगितलं. त्यानंतर थोरली शाळेतलं काही सांगायला लागली की घरातली माणसं 'हो का' म्हणायची आणि आपापल्या कामाला लागायची. ही चूक पुढे महागात पडली, पण ते नंतर.

दुसरा झटका मोठा होता. शाळेची बस बंद झाली.

ती बस सूनबाईच्या सासूबाई चालवायच्या. नवऱ्यामागे त्यांनी मुलाला वाढवलं ते त्या बसच्या चाकावर. अर्ध्या गावाची पोरं त्यांनी पोचवली होती, त्यांतली काही आता स्वतःची पोरं पोचवत होती. हॉर्न मात्र त्या कधी वाजवत नसत. ज्याला गाडी येत नाही त्याला हॉर्न येतो, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या बाईंनी हिशेब असा मांडला की बस शाळेची, म्हणून बसचा धूर शाळेच्या नावावर. पोरांना आईबाप आपापल्या गाडीतून आणतील, तर तो धूर आईबापांच्या नावावर, म्हणजे कुणाच्याच नाही. बस थांबली की शाळेचा अर्धा कार्बन जागच्या जागी नाहीसा. सासूबाईंना सांगण्यात आलं की किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, बसकडे लक्ष ठेवा, फक्त चालवू नका.

सासूबाई रोज सकाळी शाळेच्या मैदानात जायच्या, बस धुवायच्या, सीटवर बसून आरसा सारखा करायच्या आणि घरी यायच्या. "उवा झाल्या म्हणून डोकं धुवायचं सोडून टोपी घातली या बाईने," एवढंच त्या म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. त्या दिवशी भाजी फार बारीक चिरली गेली.

बस गेली आणि गाड्या आल्या. शाळा सुटायच्या बऱ्याच आधीपासून पुढच्या फाटकाशी त्यांची रांग लागायची. तिथेच नेमकं मोठ्या बाईंनी हवा मोजायचं यंत्र बसवलं होतं. हवा चांगली असली की यंत्रावर हिरवा दिवा, बरी असली की पिवळा, वाईट असली की लाल, आणि लाल झाला की यंत्र कोकलायला लागायचं. ते पाढ्यांच्या तासाला कोकललं, चित्रकलेच्या तासाला कोकललं. दुसरं कुणी असतं तर खचलं असतं. मोठ्या बाईंनी मागच्या फाटकाचं कुलूप काढलं आणि गाड्यांना फर्मान सोडलं की यापुढे मागच्या गल्लीत उभं राहायचं. मागच्या गल्लीत यंत्र नव्हतं. यंत्रच नाही म्हटल्यावर तिथली हवा वाईट आहे असं म्हणणार कोण?

सूनबाई म्हणणार होती.

पहिल्या दुपारी तिने कप तोंडाला लावला आणि खिडकीखाली हॉर्न वाजला. मग त्याला उत्तर म्हणून मागे दुसरा. भुंगा दचकून उठला तो रडतच. हॉर्न थांबले, पण गाड्या घुरघुरत राहिल्या. तो रडून रडून थकला आणि त्या घुरघुरीतच कधीतरी पेंगला. शाळा सुटली, गाड्या गेल्या, गल्ली शांत झाली आणि भुंगा टक्क जागा झाला. चहावर साय आली होती. पुढे रोज हेच. हॉर्नला उठायचा, घुरघुरीत दमून पडायचा, गाड्या गेल्या की जागा व्हायचा, आणि या सगळ्यात सूनबाई त्याला खांद्यावर टाकून इकडून तिकडे फिरत असायची. घरात धुराचा वास असा बसला की दुपट्यांनासुद्धा यायला लागला.

शेवटी ती एका दुपारी भुंग्याला काखेत मारून बाहेर गेली. रांगेतली पहिली गाडी नेहमी दातांच्या डॉक्टरांची असायची, काळी आणि घराएवढी. त्यांची जुळी शाळेत होती. तिने काचेवर टकटक केलं. काच बोटभर खाली आली, आतून गार वारा आला.

"डॉक्टर, इंजिन बंद ठेवा ना जरा. बाळ झोपत नाही."

"वहिनी, बंद केलं तर आत उकडतं."

"मग काच उघडा."

"काच उघडली तर धूर येतो ना आत."

"कुणाचा?"

डॉक्टरांनी आरशात मागे बघितलं. "मागच्याचा," ते म्हणाले आणि काच वर घेतली.

मागच्या गाडीवाल्याने धूर त्याच्या मागच्याचा असल्याचं सांगितलं. अशी चौकशी करत ती रांगेच्या शेवटपर्यंत गेली. शेवटच्या गाडीत एक आजोबा होते. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं, म्हणून त्यांनी बराच विचार केला आणि सांगितलं की धूर वातावरणाचा आहे.

तिथून ती तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाईंनी तिला बसायला सांगितलं, भुंग्याच्या गालाला बोट लावलं आणि खिडकीतून पुढचं फाटक दाखवलं. यंत्रावर हिरवा दिवा होता. अशी हवा या शाळेला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती, असं त्या अभिमानाने म्हणाल्या. सूनबाईने त्यांना मागच्या गल्लीत पाच मिनिटं येऊन उभं राहायची विनंती केली.

"मागची गल्ली शाळेच्या हद्दीत येत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझं बाळही शाळेच्या हद्दीत येत नाही, बाई. शाळा त्याच्या पाळण्यात येते, त्याचं काय?"

"हे बघा, हे सगळं आपण कुणासाठी करतोय? या लहानग्यांसाठीच ना? त्यांना उद्या स्वच्छ हवा मिळावी म्हणून."

"त्याला आज दुपारी हवी आहे," सूनबाई म्हणाली.

मोठ्या बाई हसल्या. थोडं सोसावं लागतं, आणि शाळेने कपडे उन्हात वाळवा, विजेवर वाळवू नका, अशा कितीतरी चांगल्या सूचना घरोघर पाठवल्या आहेत, त्या पाळल्या तरी पुष्कळ होईल, असं त्या म्हणाल्या. सूनबाई उठली. दारापर्यंत गेली आणि तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "पाळते," ती म्हणाली, आणि अशा सुरात म्हणाली की काखेतला भुंगासुद्धा तिच्याकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरातलं धुता येईल ते सगळं धुतलं. दुपटी, लंगोट, चादरी, अभ्रे, पडदे, नवऱ्याचे नुकतेच धुतलेले सदरेसुद्धा. मग खिडकीच्या गजाला जाड दोरी बांधली आणि दुसरं टोक घेऊन गल्ली ओलांडली. शाळेच्या भिंतीत एक जुनी लोखंडी कडी होती. तिथे ती गाठ मारत होती तेवढ्यात सासूबाई मैदानातून परतल्या. त्या थांबल्या, गाठीकडे बघितलं, मान हलवली.

सूनबाईचा हात गाठीवरच राहिला. सासूबाई काय बोलतील याचा नेम नसे.

"ही सुटेल," सासूबाई म्हणाल्या. "बाजूला सर. बंद पडलेली बस ओढताना मारतात ती गाठ मारते मी."

दुपारपर्यंत गल्लीचं तोंड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दुपट्यांनी भरून गेलं. ती अशी ओली आणि जड लोंबत होती की खालून मांजर गेलं असतं, गाडी नाही. आभाळही नेमकं भरून आलेलं, ऊन नावाला. सूनबाईने भुंग्याला पाळण्यात टाकलं आणि खिडकीत बसली.

काळी गाडी आली. दुपट्यांसमोर थांबली. हॉर्न वाजणार इतक्यात गाडीच्या नाकासमोर सासूबाई येऊन उभ्या राहिल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरांचे लहानपणीचे दिवस त्यांच्या बसमध्ये गेले होते. मागच्या सीटवरून खिडकीबाहेर हात काढल्याबद्दल त्यांनी याच बोटाचा धाक सोसला होता. त्यांचा हात हॉर्नवरून आपोआप खाली आला. काच बोटभर उघडून ते हळूच म्हणाले, "काकू, दोरी काढता का?"

"वाळले की काढते," खिडकीतून सूनबाई म्हणाली.

"कधी वाळतील?"

"ऊन पडलं की."

डॉक्टरांनी आभाळाकडे बघितलं आणि काच वर घेतली. इंजिन अर्थातच चालू ठेवलं. मागे दुसरी गाडी येऊन लागली, तिच्या मागे तिसरी. सासूबाई ओठांवर बोट ठेवून उभ्याच असल्याने हॉर्न कुणी वाजवला नाही. नुसत्या घुरघुरत राहिल्या गाड्या. आणि काय नवल, भुंगा न रडता, न कुरकुरता, ओठ मिटून गुणगुणत झोपून गेला. केल्या कर्माचं फळ इतक्या लगेच मिळताना सूनबाईने पहिल्यांदाच बघितलं होतं. ती चहा टाकायला उठली.

इकडे रांग लांबत होती. गल्लीत शिरता येईना म्हणून शेवटच्या गाड्या कोपऱ्यावर आल्या, कोपरा वळून शाळेच्या भिंतीकडेने सरकल्या आणि थेट पुढच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. यंत्र पिवळं झालं. मग लाल झालं. मग कोकलायला लागलं.

आता ती महागात पडलेली चूक. थोरली आठवडाभर घरात सांगत होती की अमुक दिवशी ढालीचे परीक्षक येणार आहेत, आणि घर आठवडाभर 'हो का' म्हणत होतं. तो अमुक दिवस हाच होता. परीक्षकांची गाडी त्याच रांगेत अडकली होती.

मोठ्या बाई पदर खोचून कोपऱ्यावरून आल्या त्या जवळजवळ धावत. खिडकीपाशी येऊन त्यांनी तोंड उघडलं, तर सूनबाईने आतल्या पाळण्याकडे हात दाखवला. मोठ्या बाई कितीही झालं तरी शिक्षिका होत्या. झोपलेल्या मुलाला उठवू नये हे त्यांच्या हाडात होतं. त्यामुळे त्यानंतरचं सगळं भांडण कुजबुजत झालं.

"दोरी काढा," मोठ्या बाई कुजबुजल्या.

"वाळले नाहीत अजून."

"घरात वाळवा ना."

"विजेवर? शाळेने नको सांगितलंय."

"अहो, परीक्षक आलेत. शाळेची इतक्या दिवसांची मेहनत मातीत जाईल."

"माझी रोजची जाते," सूनबाई कुजबुजली. तिचा हात गजावर घट्ट होता. "तुमची हवा हिरवी दिसावी म्हणून या बाळाने काळी ओढायची, हे मला मान्य नाही. तुम्ही मला हद्द सांगितलीत ना? ही माझी. या दोरीपासून."

मोठ्या बाई वळल्या आणि पुढच्या फाटकाकडे निघाल्या. सूनबाईला स्वतःचंच नवल वाटलं. आजवर ती रिक्षावाल्याशीसुद्धा भांडली नव्हती.

तेवढ्यात शाळा सुटली. पोरं नेहमीप्रमाणे मागच्या फाटकातून बाहेर पडली, तर गल्ली रिकामी. गाड्या दुपट्यांपलीकडे आणि पोरं अलीकडे. त्यांनी गल्लीत पकडापकडी सुरू केली. सासूबाईंनी एकदा पोरांकडे बघितलं, एकदा रांगेकडे बघितलं, ओठांवरचं बोट काढलं आणि कनवटीची किल्ली चाचपली. त्या मागच्या फाटकातून आत गेल्या. थोड्या वेळाने शाळेच्या मैदानातून ओळखीचा भारदस्त आवाज आला. पोरांनी कान टवकारले आणि सगळी आत पळाली. पोरांनी भरलेली बस पुढच्या फाटकातून बाहेर आली, रांगेच्या उलट्या दिशेला रस्ता मोकळाच होता.

मोठ्या बाई तिच्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या. बस बंद केलेली आहे, तिचा धूर शाळेच्या नावावर चढतो, असं त्यांनी काचेतून खुणांनी आणि शब्दांनी सांगितलं. सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"चढू दे. त्याला नाव तरी आहे, बाई. या गाड्यांचा बिननावाचा आहे, तो माझ्या नातवाच्या नाकात चढतो."

एवढं म्हणून त्यांनी बस वळवली. काळ्या गाडीतल्या डॉक्टरांचा फोन वाजला. आपली जुळी बसमध्ये आहेत आणि मागच्या सीटवर आहेत, असं कळलं. पोरं गेली म्हटल्यावर गाड्यांना थांबून काय करायचं होतं? एकेक मागे सरकली, वळली, गेली. यंत्राचं कोकलणं घशात अडकल्यासारखं बंद झालं. लाल, मग पिवळा, मग हिरवा.

हे सगळं ज्यांच्या डोळ्यांदेखत झालं ते परीक्षक गाडी सोडून चालत आले होते आणि दुपट्यांतून वाट काढताना त्यांच्या चष्म्याला एक लंगोट अडकला होता. तो त्यांनी अदबीने परत दोरीवर टाकला. पुढच्या फाटकाशी यंत्राकडे बघितलं, मोठ्या बाईंबरोबर परत खिडकीखाली येऊन दोरीकडे बघितलं, बस गेली त्या रस्त्याकडे बघितलं.

"ही कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी श्वास घेतला. "आमची योजनाच आहे ही," त्या म्हणाल्या. "गाड्या अडवायच्या आणि बस सोडायची. आज पहिला दिवस. म्हणून जरा गडबड."

हे ऐकून खिडकीतल्या सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बोलायला तोंड उघडलं, पण शेवटची गाडी नुकतीच गेली होती, गल्ली शांत झाली होती, आणि नेमका त्याच क्षणी भुंगा भोकाड पसरून जागा झाला. तिला आत धावावं लागलं. परत खिडकीशी येईतो परीक्षक मोठ्या बाईंचं अभिनंदन करून गेले होते. ओट्यावर चहा गार.

ढाल शाळेला मिळाली. मागच्या फाटकाला परत कुलूप लागलं. गाड्यांना बंदी झाली आणि सासूबाईंची बस सन्मानाने सुरू झाली. बस काढली तेव्हा कुणी कौतुक केलं तर सासूबाई म्हणाल्या, "कौतुक बसचं करा, मी आपली बसते नुसती." एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. परीक्षकांना ती दुपट्यांची दोरी फार भावली होती. त्यांनी तिचा फोटो सगळ्या शाळांना दाखवला, आणि आता इतर शाळांची मंडळी ती बघायला येणार होती. मोठ्या बाईंचा निरोप आला की दोरी काढू नये, आणि शक्यतो रिकामीही ठेवू नये.

सूनबाईने निरोप ऐकला आणि सोडून दिला. तिला हवं ते मिळालं होतं. दुपार झाली. गल्लीत चिटपाखरू नाही. मांजर परत आलं. हवा अशी की ओढून घ्यावी. तिने भुंग्याला पाळण्यात टाकलं, झोका दिला, चहा टाकला.

भुंगा छताकडे बघत होता. मग तो कानोसा घेतल्यासारखी मान वळवायला लागला. मग त्याचा ओठ खाली आला.

त्या दुपारी तो झोपला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिने नळाखाली दोन फडकी ठेवली, मांजराला हाकललं. जितकी शांतता वाढे तितका तो रडे. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. चौथ्या-पाचव्या दुपारी तो असाच टाहो फोडत असताना खिडकीखाली घुरघुर ऐकू आली. सवयीने वाट चुकून डॉक्टरांची काळी गाडी दोरीपाशी येऊन उभी होती. सूनबाई संतापून खिडकीशी गेली आणि मागे एकदम रडं थांबलं. तिने वळून बघितलं. भुंग्याचे डोळे मिटत होते. ओठ मिटून तो गुणगुणत होता, त्याच सुरात.

डॉक्टरांनी वर बघितलं, खिडकीतला तिचा चेहरा बघितला आणि घाबरून इंजिन बंद केलं. "सॉरी, वहिनी. चुकून आलो."

मागे भुंग्याने सूर लावला.

सूनबाई गज धरून उभी राहिली. जीभ तुटून पडली असती तरी चाललं असतं, पण 'चालू ठेवा' हे शब्द तिच्या तोंडून निघणार नव्हते. "जा," ती कशीबशी म्हणाली. गाडी गेली.

संध्याकाळी तिने हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ हसल्या. मग त्यांनी भुंग्याला मांडीवर घेतलं, ओठ सैल सोडले आणि घशातून आवाज काढला, घुर्रर्र. अगदी बसचा. उभी बस, चढावरची बस, मध्येच गिअर बदलताना येणारी ती खाकर. भुंगा चढ संपायच्या आत झोपला.

"ना धूर, ना डिझेल," सासूबाई म्हणाल्या. "शीक."

शिकावंच लागलं, कारण भुंग्याची झोपायची वेळ आणि सासूबाईंची बसवर जायची वेळ एकच होती. सूनबाई शिकली. थांबलं की तो जागा होतो आणि घुरघुरताना चहा पिता येत नाही, हेही तिला त्याच दिवशी कळलं. समोर कप, त्यातून वाफ, आणि ती वाफेकडे बघत घुर्रर्र. धुणं तर दोन दिवस पाण्यातच होतं.

अशाच एका दुपारी उघड्या दारातून मोठ्या बाई आत आल्या. हातात हात गुंफून त्या म्हणाल्या की दुसऱ्या शाळेची मंडळी यायला निघालीत आणि दोरी रिकामी आहे, तेव्हा चार दुपटी तरी.

सूनबाईने घुरघुरतच पाळण्याकडे बोट केलं. मग स्वतःच्या तोंडाकडे. मग बादलीकडे. मोठ्या बाईंना काही समजेना. सूनबाई क्षणभर थांबली. भुंगा चुळबुळला.

"दुपटी हवीत ना?" ती घाईने कुजबुजली. "मग हे तुम्ही करा. हा झोपला तरच धुणं. माझी योजनाच आहे ही."

मोठ्या बाईंचे कान लाल झाले. त्यांनी दाराकडे बघितलं, रिकाम्या दोरीकडे बघितलं. मग खुर्ची ओढून पाळण्याशी बसल्या आणि ओठ सैल सोडले. पहिला आवाज शिट्टीसारखा निघाला. दुसरा जमला. अनेक वर्षं वर्गावर आवाज चढवलेला तो घसा होता, त्यातून असं खोल, दमदार इंजिन निघालं की भुंगा सुखाने कुशीवर वळला.

सूनबाईने कप उचलला. पाय वर घेतले. कप हाताला भाजत होता. तिने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. बादली होती तिथेच होती.

बस आली असावी, कारण दारात थोरली उभी होती, छातीवर बिल्ला. तिने पाळण्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि हळूच पुढे झाली.

"मोठ्या बाई," ती कुजबुजली, "उभ्या यंत्राने घुरघुरायचं नाही. चालायचं असेल तर चालायचं, नाहीतर इंजिन बंद. तुम्हीच सांगितलंय."

मोठ्या बाईंनी भुंग्याकडे बघितलं. सूनबाईकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत दुसरा घोट घेत होती. मग मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या, गिअर बदलला आणि घुरघुरत खोलीत फेऱ्या मारायला लागल्या.